फारमात जमिनीचा रकाना नाही

1993 च्या पावसाळ्यात मेळघाटातल्या लेकरांच्या मरणाची बातमी मुंबईपर्यंत पोचली. शीला बारसे यांनी हायकोर्टात दाद मागितली. मंत्री आले, साहेब आले, पेपरवाले आले आणि गेले. तेव्हापासून एक पाहुणा मात्र नेमाने येतो आहे. तो म्हणजे शिकणारा पाहुणा. कोणी मेडिकल कॉलेजातला, कोणी समाजकार्याच्या कॉलेजातला. परतवाड्याला उतरायचं, जीप धरायची, सेमाडोह-हरिसालकडे नाही तर चिखलद-याकडे निघायचं, गावात दोन दिवस फारम भरायचे आणि परत जायचं. त्या फारमांवर प्रबंध होतो आणि प्रबंधावर पदवी मिळते.

या पोरापोरींवर आमचा राग नाही, हे आधीच सांगतो. शहर सोडून चिखल तुडवत येतात, आपल्या ओट्यावर बसतात, चांगलंच आहे. पण ते काय शिकून जातात, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. कारण आजार आपला आहे आणि मेलेलं लेकरूही आपलंच आहे.

मागच्या श्रावणात अशीच एक तुकडी आपल्या एका गावात आली. फारम चार पानांचा. घरात माणसं किती, आई किती शिकली, साबणाने हात धुता का, बाळाला डंबा दिला का, आधी भूमकाकडे नेलं का. एका बाईला विचारलं, लेकराला काय खाऊ घालतेस? ती कोरकूत बराच वेळ बोलली. दुभाष्याने सांगितलं, "कुटकीची पेज." तेवढंच लिहिलं गेलं.

ती काय बोलली होती? तिने सांगितलं, की दोन एकराची जबरानजोत आहे, सास-याच्या काळापासून वाहतो, पण सातबारा नाही. मागच्या साली उभं पीक मोडलं गेलं आणि वर खटला लागला. तारखेला जायला बैल विकला. घरधनी अकोल्याकडे कामाला गेला. कुटकी आषाढातच सरली. रोजगार हमीची मजुरी अजून हातात नाही. म्हणून पेज, अन् तीही पातळ. फारमाच्या शेवटल्या पानावर कुपोषणाची कारणं छापलेली होती: मातेचे अज्ञान, अंधश्रद्धा, चुकीच्या आहारसवयी. योग्य तिथे खूण करायची होती. जमिनीचा रकानाच नव्हता.

आता डॉक्टरांचंच शास्त्र काय म्हणतं ते पाहू. आई पोटुशी असताना अर्धपोटी राहिली, नवव्या महिन्यापर्यंत मातीकामावर गेली, तर बाळ कमी वजनाचं होतं. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ नाजूक असतं. त्याला हगवण लागली, छाती भरली, की ते टिकत नाही. कागदावर कारण लागतं "न्यूमोनिया". ते खोटं नाही, पण ती साखळीची शेवटची कडी आहे. पहिली कडी सातबा-यावर आहे, जंगलाच्या नाक्यावर आहे, न मिळालेल्या मजुरीत आहे. तोच न्यूमोनिया अमरावतीच्या बंगल्यातल्या पोरालाही होतो, पण ते पोर आठ दिवसांत खेळायला लागतं. या फरकालाच शिकलेली माणसं आरोग्यातली विषमता म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. 1848 साली युरोपात प्रशिया नावाचं राज्य होतं. त्याच्या अप्पर सायलेशिया भागात तापाची साथ आली. लोक गरीब, बोली पोलिश, अन् साहेब सगळे जर्मन बोलणारे. सरकारने रुडॉल्फ फिरखो नावाच्या 26 वर्षांच्या डॉक्टरला चौकशीला पाठवलं. तोही तिथे तीन आठवड्यांच्या आतच राहिला. पण त्याने नुसता ताप मोजला नाही. लोक खातात काय, राहतात कसे, जमीन कोणाची, शाळा कोणत्या भाषेत, कर कोणावर, हे सगळं पाहिलं. त्याच्या अहवालातला उपाय औषधाच्या बाटलीत मावणारा नव्हता. लोकांना आपला कारभार आपण करू द्या, त्यांच्या भाषेत शिक्षण द्या, कराचा बोजा गरिबावरून श्रीमंतावर न्या, असं त्याने लिहिलं. सरकारला ते रुचलं नाही. त्याच साली तो बर्लिनमधल्या लोकांच्या उठावातही उतरला, आणि पुढल्या साली त्याला तिथली जागा सोडावी लागली. आज जगभरच्या मेडिकल कॉलेजांत त्याचं नाव शिकवतात.

आपल्या देशातही कागद भरपूर झाले. 1946 साली भोर समितीने सांगितलं, की प्रत्येक डॉक्टरला तीन महिने सामाजिक वैद्यकाचं शिक्षण द्या, तो समाजाचा डॉक्टर झाला पाहिजे. 1977 साली योजना निघाली, की प्रत्येक मेडिकल कॉलेजाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी. 1978 साली अल्मा-आता इथल्या परिषदेत जमलेल्या देशांनी मान्य केलं, की 2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य. नियम पाहिला तर आपल्याला झुकतं माप आहे: सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक. उपकेंद्र तिकडे 5,000 लोकांमागे, इकडे 3,000 मागे. आता तुमच्या गावच्या उपकेंद्राला कुलूप आहे की नाही, ते तुम्हीच सांगा.

तरी चांगलं शिक्षण होतच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 चं. तिथल्या मुलांना खेड्यात शिबिराला राहावं लागतं. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावातल्या अडाणी म्हटल्या जाणा-या बायांना आरोग्याचं काम शिकवलं, आणि आता डॉक्टर लोक त्या बायांकडून शिकायला जातात. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परत आले. राणीबाईंनी दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या, तर शंभरातल्या 92 बायांना अंगावरचे आजार निघाले. बाया ते मुकाट सोसत होत्या, कोणी विचारलंच नव्हतं. पुढे आदिवासींनी सांगितलं, की तुमच्या दवाखान्याची भीती वाटते, तिथे आमचा देव नाही. तेव्हा दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरीचं नाव लागलं. आपल्या बैरागडला डॉ. कोल्हे दोन रुपये फी घेऊन बसले. ही माणसं मोठी झाली ती लोकांचं ऐकल्यामुळे.

आपलंही थोडं बोललं पाहिजे. तापलेल्या सळईने तान्ह्या पोराच्या पोटावर डंबा देणं वाईटच. मोहाची दारू घरात लेकराच्या दुधाआधी येते, हेही खरं. बाळंतीण अडली की आपण उशिरा हलतो. हे झाकून ठेवून भांडता येणार नाही. पण भूमकाकडे आपण काहून जातो? तो गावात आहे, आपली बोली बोलतो, रात्री उठतो आणि उधारीवर पाहतो. उपकेंद्रात असा माणूस बसवा, मग पाहू लोक कुठे जातात ते.

म्हणून आम्ही सगळ्या गावांपुढे काही गोष्टी ठेवतो. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने स्वतःचा अभ्यासगट चालवून दाखवला आहे. ते तिथे जमतं तर आपल्याकडेही जमेल.

पहिली गोष्ट, कोणीही अभ्यासाला आला तर आधी गावसभेत बसावा, काय शोधतो ते सांगावं. सभा हो म्हणेल तरच फारम निघेल. दुसरी, फारमात जमीन, जंगल, मजुरी, रेशन आणि बाहेरगावच्या कामाचे रकाने असलेच पाहिजेत. तिसरी, दुभाष्या गावचा असावा, शक्यतो बाई असावी, आणि तिला त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी. चौथी, अभ्यास पुरा झाल्यावर काय निघालं ते त्याच गावात येऊन समजेल अशा बोलीत सांगावं आणि एक प्रत गावात ठेवावी. उद्या हक्काच्या दाव्यात किंवा कोर्टात तो कागद आपल्या कामाचा आहे. कोणी आजारी सापडला तर आधी दवाखान्यात पोचवावा, मग लिहावं, हे तर सांगायलाही नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. हे शिक्षण आपल्याच पोरापोरींनी घेतलं पाहिजे. आरोग्याचा असा अभ्यास करायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक आरोग्याचं केंद्र आहे. तिथे समाजशास्त्र शिकलेल्यालाही वाट आहे. आश्रमशाळेतून आलेली पोरगी तिथपर्यंत जाताना तीनदा अडते: जातीच्या दाखल्याला, वसतिगृहाला आणि इंग्रजीला. या तिन्ही ठिकाणी तिच्यामागे संघटनेने उभं राहायचं. जमिनीच्या दाव्याला जसे आपण दहा जण मिळून तहसीलला जातो, तसंच दाखल्यालाही जाऊ. ती परत येईल तेव्हा तिला दुभाष्या लागणार नाही. ती बाई कोरकूत काय बोलली, ते ही पोरगी सगळं लिहील.

दिवाळीनंतर गावं कामाला पांगतात. त्याआधी प्रत्येक गावाने सभा घ्यावी, वरच्या गोष्टींवर बोलावं, पटत नसेल ते खोडावं, नवं सुचलं ते घालावं. ठराव कागदावर घेऊन परतवाड्याच्या बैठकीला या. सोबत बारावी झालेल्या पोरापोरींची नावंही आणा. मुलींची आधी लिहा.