संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

इस्राएल-इराणमध्ये क्षेपणास्त्रं उडाली की दुसऱ्या दिवशी आपल्या चांदे-नांदेच्या ग्रुपवर 'बायबलमधलं भाकीत खरं ठरलं' हा व्हिडिओ हजर! गोग म्हणजे रशिया, दिमिष्क म्हणजे आजचा सीरिया, झालं. फॉरवर्ड करणाऱ्याने ते पुस्तक उघडलेलंही नसतं. एरवी सोडून दिलं असतं, पण आमच्या धंद्यातले लोकही हे 'बातमी' म्हणून चालवायला लागलेत.

हे ग्रंथ वाचायची एक शिस्त आहे. कोण बोललं, कधी, कुणाला, तेव्हा राजा कोण होता, हे अभ्यासक आधी विचारतात. यशयाच्या पुस्तकात एकाहून जास्त काळातले आवाज आहेत, हे बहुतेक अभ्यासक म्हणतात ते त्यामुळेच. सुरुवातीला इ.स.पू. आठव्या शतकातलं यरुशलेम, आणि ४०व्या अध्यायापुढे दीडशे वर्षांनंतरचा बाबेलचा बंदिवास. तिथे इराणचा राजा सायरस नावानिशी येतो. भाविकांना हे पटेलच असं नाही. पण भाविकसुद्धा कष्ट घेतात. आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली जाईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या.

असं वाचलं की दिसतं काय? आमोस हा गुराखी. चपलेच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर तो तुटून पडला, तर बेथेलच्या पुजाऱ्याने त्याला सुनावलं, हे राजाचं देऊळ आहे, निघ इथून. मीखा बोलतो रात्री अंथरुणात बेत करून सकाळी शेत बळकावणाऱ्यांबद्दल. कोकणातले बेने इस्राएल ज्याच्या नावाने मलिदा करतात त्या एलियाहूने राजा अहाबला तोंडावर विचारलं, नाबोथचा जीव घेऊन त्याचा मळाही घेतलास? ही माणसं भविष्याचंही बोलत, नाही असं नाही. पण बहुतेकदा ते 'असंच चाललं तर बुडाल' या चालीवर.

मुळशीत हे समजावून सांगायला हवं का? १९२१ साली टाटांच्या धरणासाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. आज धरण नाही, गुंठे आहेत. सातबाऱ्यावर रातोरात चढणारी नावं आहेत. जमीन लाटणाऱ्याची कॉलर धरणाऱ्या पुस्तकाचं आपण क्षेपणास्त्रांचं टाइमटेबल करून ठेवलंय.

घराला घर, शेताला शेत जोडत सुटलेल्यांना यशया पाचव्या अध्यायात झोडपतो. व्हिडिओ टाकणाऱ्यांत दोघे-तिघे प्लॉटिंगवाले आहेत. तो अध्याय त्यांनी फॉरवर्ड केलेला अजून तरी दिसला नाही.