ओलावा आमच्यासमोर मोजा

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा ढीग लागला की मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये जातात आणि आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटतो. पटला नाही तर तो भांडतो, माल दुसऱ्या आडतीवर नेतो, फारच झालं तर बाजार समितीच्या ऑफिसात जाऊन उभा राहतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. 2024 च्या खरिपात ती जाचक ठरली, ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवली. शेतकऱ्याला न्याय मिळाला असं यावरून म्हणवत नाही, भाव पडलेलेच होते. पण भांडायला एक आकडा होता आणि ऐकायला माणूस होता.

नांदेड-लातूरच्या ॲप डेव्हलपरकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

आपल्या भागातला डेव्हलपर काय बनवतो ते पाहा. भरतीच्या प्रश्नपत्रिका, दूध संकलनाचा हिशोब, कृषी सेवा केंद्राची उधारी, लातूरच्या क्लासेससाठी हजेरी, बाजारभाव, सातबारा कुठे आणि कसा पाहायचा याची माहिती. यातलं जवळजवळ प्रत्येक काम प्ले स्टोअरच्या कुठल्या ना कुठल्या नाजूक नियमाला टेकतं. सरकारी माहिती देणाऱ्या ॲपने मूळ सरकारी स्रोताची लिंक द्यायची आणि आपण सरकारचे कोणी नाही हे स्पष्ट लिहायचं, असा नियम आहे. तो योग्यच आहे, कारण योजनेच्या नावाखाली लोकांची कागदपत्रं गोळा करणारी ॲप्स आपणही पाहिली आहेत. अडचण नकाराचा मेल आल्यावर सुरू होते. त्यात धोरणाचं नाव असतं, पण कोणत्या स्क्रीनवरचं कोणतं वाक्य खटकलं हे अनेकदा कळत नाही. मग डेव्हलपर अंदाजाने एक ओळ बदलतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा थांबतो. भरतीची परीक्षा तोवर होऊन गेलेली असते.

एसएमएसचंही असंच झालं. ऑक्टोबर 2018 मध्ये गूगलने एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांवर निर्बंध जाहीर केले आणि जानेवारी 2019 पासून नियमात न बसणारी ॲप्स काढायला सुरुवात केली. मुलगा आज क्लासला आला नाही, आज इतकं लिटर दूध घातलं, असा निरोप फोनवरूनच पाठवणाऱ्या छोट्या ॲप्सचा एसएमएस हा कणाच होता. कर्ज देणारी ॲप्स लोकांचे मेसेज वाचून त्यांना छळत होती, हेही तितकंच खरं. एप्रिल 2021 ते जुलै 2022 या काळात गूगलने अशी अडीच हजारांवर कर्ज-ॲप्स काढली, हे सरकारने संसदेत सांगितलं आहे. तेव्हा कडक तपासणी नको, असं या मासिकाने कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. आमचं म्हणणं एवढंच, की शिक्षा करताना गुन्हा सांगा.

वर्तमानपत्रांत जो झगडा गाजतो तो कमिशनचा. 25 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड केला, मार्च 2025 मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला. लढाई महत्त्वाची आहे, पण ती आपली मुख्य लढाई नाही. जुलै 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर विक्रीवर 15 टक्केच कापले जातात आणि आपल्यापैकी कोणाची विक्री त्या पलीकडे गेल्याचं आमच्या पाहण्यात नाही. शिवाय बरेच जण जाहिरातींवर जगतात, त्यांना हे कमिशन लागूच होत नाही. 15 टक्क्यांत एकवेळ भागेल. बंद पडलेल्या खात्याचे 85 टक्के म्हणजे शून्यच.

मार्च 2024 आठवा. शुल्काच्या वादात 1 तारखेला गूगलने भारतातल्या नामांकित कंपन्यांची ॲप्स स्टोअरवरून उतरवली. त्यात विवाहस्थळांची होती, नोकरीविषयक होती. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मंत्री बोलले, बैठका झाल्या आणि काही दिवसांत ॲप्स परत आली. तरोडा नाक्यावरच्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरचं ॲप उतरलं तर कोणता मंत्री बोलणार? त्याच्यासाठी एक अपिलाचा फॉर्म असतो आणि त्याचं उत्तर पहिल्या मेलसारखंच असू शकतं.

नव्याने येणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी 20 टेस्टर सलग 14 दिवस टिकवावे लागत, पुढे ती संख्या 12 झाली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर 12 जण मिळतात हो, पण उमरी किंवा औश्यात घरी बसून शिकणाऱ्या मुलीने ते कुठून आणायचे? म्हणून ‘तू माझं ठेव, मी तुझं ठेवतो’ असे ग्रुप चालतात, त्यात खरी चाचणी कोणीच करत नाही. वैयक्तिक खात्यातून कमाई सुरू झाली की पूर्ण पत्ताही स्टोअरवर दिसतो. घरातूनच काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही. संस्थेचं खातं काढावं तर डन्स क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, हवा.

उपाय नाही असं नाही. युरोपीय संघाने 2019 मध्ये ऑनलाइन मध्यस्थांसाठी नियम केला आणि तो 12 जुलै 2020 पासून लागू झाला. व्यावसायिकाची सेवा रोखताना नेमकं कारण लेखी कळवायचं, कायमची बंद करायची असेल तर सहसा 30 दिवस आधी सांगायचं आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था ठेवायची, हे त्यात बंधनकारक आहे. म्हणजे याच स्टोअरवर तिकडच्या डेव्हलपरला कारण मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, त्यावरची चर्चा बड्या कंपन्यांच्या वाट्याभोवती फिरत राहिली. नकाराचं कारण, ठरलेली मुदत आणि उत्तर देणारा माणूस, या तीन गोष्टी आपल्या कायद्यात आल्याच पाहिजेत.

तोवर एकाच दुकानावर घर चालवू नका. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी 2024 पासून मराठीतही आहे. गिऱ्हाईक तिथे अजून कमी आहे, तरी नाव नोंदवून ठेवा. वापरणाऱ्यांचे नंबर त्यांच्या संमतीने आपल्या वहीत असू द्या, आणि जे काम वेबसाइटवर भागतं ते तिथेही ठेवा.

आणि एक विनंती. नकाराचा, निलंबनाचा, अपील फेटाळल्याचा प्रत्येक मेल तारखेसह जपून ठेवा, आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. नाव छापणार नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले हे मेल एकत्र करून आम्ही स्पर्धा आयोगाकडे आणि आपल्या खासदारांकडे नेणार आहोत. रिकाम्या हाताने गेलो तर तिथेही आपल्याला कोणी विचारणार नाही.