सागवान दिसलं, शिसं दिसलं नाही



दिवाळी जवळ आली की आपल्या वडोदऱ्यात जुन्या दारांचे फोटो सुरू होतात. आधी पोपटी ऑइलपेंट, नंतर खालून निघालेलं चकचकीत सागवान. सगळे वाहवा करतात, मीही करत होतो. आज मात्र कडवट लिहितोय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

दांडिया बाजारातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. दारं, खिडक्या, जिन्याचा कठडा, सगळं सागाचं. घरात लग्न निघालं की लाकडाला रंगाचा एक हात द्यायचा, हा रिवाज. आत्याच्या लग्नाला पिवळा, माझ्या लग्नाला हिरवा. मागच्या वर्षी मुलगा म्हणाला, "बाबा, मूळ लाकूड बाहेर काढूया." हौस त्याच्यापेक्षा मलाच जास्त. रंगाऱ्याने एस्टिमेट दिलं. जन्मभर बँकेत कागद तपासलेले, त्यामुळे ओळ न् ओळ वाचली. पॉलिशपेपर, पॉलिश, मजुरी, सगळं होतं. धुळीचं काय करणार, ही ओळ नव्हती. मलाही सुचली नाही.

दहा दिवस घरात मशीन फिरलं, कोपऱ्याकोपऱ्यांत ब्लोलँपने रंग जाळला. झोपाळ्यावर, माठावर, फरशीवर धूळ. त्याच फरशीवर अकरा महिन्यांची नात रांगत होती. विचारलं तर रंगारी म्हणाला, "काका, कंई नहीं थाय."

महिन्याभराने पोर खाईना, किरकिर करायला लागली. डॉक्टरांनी घरात काही काम निघालं होतं का विचारलं आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. डेसीलिटरला 14 मायक्रोग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 किंवा त्यावर आकडा गेला तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. आणि पूर्ण सुरक्षित असा आकडाच नाही. एवढ्या आकड्याला औषध देत नाहीत. धूळ काढा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या, इतकंच. सूनबाई पोरीला घेऊन दोन महिने माहेरी राहिली. मला एका शब्दाने बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता लोक म्हणतात, "आम्ही लहानपणी याच दारांना दात लावले, काय झालं?" अहो, पण आपलं रक्त तपासलं कोणी? शिसं अंगावर फोड आणत नाही, पोराच्या बुद्धीवर आणि लक्षावर बसतं. आणि चिकटून बसलेला रंग वेगळा, त्याचं पीठ करून घरभर उडवणं वेगळं. घरगुती रंगात शिसं दहा लाखात 90 भागांपुरतंच, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. त्याआधीच्या प्रत्येक थरात शिसं आहे असंच धरून चाला. पिवळा, हिरवा, लाल तर जास्तच.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, रंग घट्ट असेल तर काढूच नका. वरून नवा हात द्या. सागवान दिसलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? काढायचाच असेल तर दार बिजागरीतून उतरवून बाहेर न्या. पाणी फवारून, ओलं करून खरवडा. कोरडं घासणं आणि जाळणं बंद. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेली खपली त्यातच गुंडाळा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलं आणि गरोदर बाई काम संपून घर पुसून होईपर्यंत दुसरीकडे राहू देत.

आणि त्या रंगाऱ्याच्या पोराचं काय? तोंडाला रुमाल बांधून दिवसभर घासत होता. त्याच कपड्यांनी घरी जाऊन स्वतःच्या बाळाला उचलत असेल. चांगला मास्क, जेवणाआधी हात धुवायला साबण, कपडे बदलायला जागा, हे आपण द्यायचं. पॉलिशला हजारो रुपये मोजतो, मग इथे हात का आखडावा?

नातीचा आकडा उतरतोय, पण अजून शून्य नाही. आमचं दार मात्र फार सुंदर दिसतं. फोटो टाकणार नाही.