शब्दांचें कुलगोत्र : ‘रहमीम’

परवां सायंकाळीं नागऱ्याच्या पुरातन शिवमंदिरांतून परततांना नातवानें विचारलें, “आजोबा, मुंबईच्या यहुद्यांवरील पुस्तकांत एका पुरुषाचें नांव ‘रहमीम’ छापलें आहे. ‘रहीम’ पाहिजे ना?” मी थबकलों, कारण हीच चूक मीं चाळीस वर्षांपूर्वीं स्वहस्तें केली होती.

माझ्या नोकरीचीं पहिलीं वर्षें अलिबागेकडील एका शाळेंत गेलीं. हजेरीपटांत एका विद्यार्थ्याचें नांव ‘रहमीम’ होतें. तो लेखनदोष समजून मीं तांबड्या शाईनें ‘रहीम’ असें केलें व वर्षभर तसेंच पुकारलें. मुलगा निमूटपणें “हजर” म्हणे. वर्षाखेरीस नऊवारी नेसलेली त्याची आजी आली व अस्सल कोकणी वळणाच्या मराठींत म्हणाली, “गुरुजी, दाखल्यावर तरी पोराचें नांव नीट लिहा.”

हीं मंडळी म्हणजे कोकणांतील बेने इस्राएल. नवगांवच्या किनाऱ्याजवळ पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचा घाणा चालवून शनिवारीं ते तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गांवांवरून दिवेकर, पेणकर, केहीमकर हीं आडनांवें आलीं. शमुएलाचा सामाजी झाला आणि यहेज्केलाचा हसाजी. परंतु कांहीं नांवें आपला मूळ वेष न टाकतां राहिलीं. ‘रहमीम’ हें त्यांतलेंच.

आतां त्याचा अर्थ पाहूं. इब्री भाषेंत ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, आणि त्याच धातूपासून झालेला ‘रहमीम’ म्हणजे करुणा. ‘ईम’ हा तेथें पुल्लिंगी बहुवचनाचा प्रत्यय. भाव एकच, रूप मात्र अनेकवचनी! आपल्याकडे ‘प्राण’ व ‘दार’ हे शब्द संस्कृतांत बहुवचनीच चालतात, आणि ‘दार’ म्हणजे पत्नी असूनही लिंगानें पुरुष. हें ज्यांनीं घोकलें आहे त्यांना याचें नवल वाटूं नये. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगतात, राजा शलमोन मूल कापून वांटण्याची आज्ञा देतो, ही कथा सर्वश्रुत आहे. खऱ्या आईच्या अंतरांत त्या क्षणीं जें पेटून उठलें, त्याला इब्री धर्मग्रंथांत हाच शब्द योजिला आहे. अरबींतील ‘रहीम’ व ‘रहमान’ हेही याच धातूचे. म्हणजे रहीम हा रहमीमाचा भाऊबंद खरा. पण भावाच्या नांवानें हांक मारल्यास कोणाला आवडेल?

आपल्या भाषेचा अनुभव निराळा नाहीं. ‘वत्स’ म्हणजे वासरूं; त्यावरून ‘वात्सल्य’. दया उपजते ती बुद्धींत नव्हे, कुशींत, हें आपल्या पूर्वजांनींही ओळखलें होतें. मराठींत तर दुसऱ्याच्या दुःखानें आंतडें तुटतें आणि अपराध क्षमा करावयाचा तो पोटांत घालावयाचा असतो!

या अर्थाची साक्ष मुंबईंत उभी आहे. इंग्रजांच्या फौजेंतील सामाजी हसाजी दिवेकर हा टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडला होता. टिपूच्या आईनें रदबदली केली म्हणून प्राण वांचले, असें परंपरा सांगते. परत आल्यावर त्यानें १७९६ सालीं मांडवी भागांत मुंबईंतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर बांधिलें. आज तें ‘शार हारहमीम’ म्हणून ओळखलें जातें. अर्थ, करुणेचें द्वार. एका मातेच्या शब्दानें जो जगला, त्याच्या वास्तूला पुढें याहून समर्पक नांव कोणतें मिळावें?

पुढें ह्या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. कोकणांतल्या गांवांतून तीं आतां थोडीच उरलीं आहेत, आणि माणसांबरोबर नांवेंही दुर्मिळ होतात. म्हणून वाचकहो, घरांत एखादें अनोळखी नांव कानीं पडलें, तर मुलांना हसूं देऊं नका; आणि आपणही तांबडी शाई उचलण्यापूर्वीं अर्थ विचारा. मीं विचारला नाहीं.

त्या दिवशीं दाखल्यावरचें नांव मीं दुरुस्त केलें आणि क्षमा मागितली. मुलगा खालीं पाहत उभा होता. आजी म्हणाली, “असूं द्या, गुरुजी. त्यानें तें केव्हांच पोटांत घातलें.” नांवाचा अर्थ मला पुढें कित्येक वर्षांनीं ग्रंथांत सांपडला, पण तिनें तो त्याच दिवशीं, माझ्याच भाषेंत, मला सांगून ठेविला होता.