हिशेब हवा, संशोधकाच्या वेळेचाही

भारतात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वैज्ञानिक प्रकल्पाचा भार प्रमुख संशोधकावर असतो. प्रस्ताव लिहिणे, सहायक नेमणे, उपकरणाचे तांत्रिक तपशील ठरवणे, निविदांचा तुलनात्मक तक्ता करणे, वार्षिक अहवाल देणे ही सगळी कामे त्याचीच. सामान्य वित्तीय नियम 2017 मधील 12-अ नमुन्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा पाठपुरावाही त्यालाच करावा लागतो. सही लेखा विभागाची होते, पण कागद प्रयोगशाळेत जमवले जातात.

या व्यवस्थेचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. पैसा जनतेचा आहे, म्हणून प्रत्येक रुपयाची पावती हवी. निविदेमुळे काटकसर होते. आणि प्रशासन हा संशोधकाच्या पेशाचाच भाग आहे.

पहिला मुद्दा खरा आहे, पण अपुरा आहे. खोटी बिले आणि खोक्यातच पडून राहिलेली यंत्रे शोधायलाच हवीत. मात्र संशोधकाचा पगारही जनतेच्याच पैशातून जातो आणि त्याचा वेळ कुठे खर्च होतो, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत संघीय निधीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांच्या सर्वेक्षणांत संशोधनासाठीच्या वेळातला 42 टक्के भाग प्रस्ताव, अहवाल आणि नियमपालनात जातो, असे 2005 आणि 2012 मध्ये आढळले. 2018 मध्ये तो 44 टक्के झाला. ऑस्ट्रेलियात 2012 साली वैद्यकीय संशोधनाच्या एकाच निधीफेरीतले 3,700 हून अधिक प्रस्ताव तयार करण्यात संशोधकांची मिळून सुमारे 550 वर्षे खर्ची पडल्याचा अंदाज निघाला. मंजूर झाले त्यांतले साधारण एक पंचमांश. 12-अ नमुन्यात अशा वेळेसाठी एकही रकाना नाही.

काटकसरीचा दावा तर उलटाच ठरतो. सर्वांत कमी दराने घेतलेले हिणकस रसायन महिन्यांचे प्रयोग वाया घालवते. वाचलेले काही हजार रुपये तेवढे कागदावर दिसतात. खरी काटकसर कशी होते, हे जुन्नर तालुक्यातील खोडदला पाहावे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना स्वस्तात झाल्या, कारण भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर तारांची जाळी बसवण्याची रचना अभियंत्यांनी शोधली. त्यामुळे वजन कमी झाले आणि वाऱ्याचा दाबही.

मार्चअखेरची शिस्त याहून महाग पडते. वर्ष संपताना अखर्चित रक्कम परत जाते आणि नवा हप्ता येईपर्यंत काम थांबते. सह्याद्रीतल्या बेडकांचा प्रजननकाळ मात्र जूनच्या पावसाबरोबर सुरू होतो. हप्ता सप्टेंबरात आला, तर पैसा मिळतो पण हंगाम गेलेला असतो आणि तीन वर्षांच्या प्रकल्पातला एक तृतीयांश भाग बुडतो. याची सर्वांत मोठी झळ तरुणांना बसते. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली, हे स्वागतार्हच. पण महिनोन्महिने न मिळणाऱ्या पाठ्यवृत्तीवर घरभाडे भरता येत नाही, आणि याच काळात अनेक गुणी मुले संशोधन सोडण्याचा विचार करू लागतात.

तिसऱ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. काय घ्यावे, कोणाला नेमावे, निष्कर्षांची जबाबदारी कशी घ्यावी, हे संशोधकाचेच काम आहे. फाईल कोणत्या टेबलावर अडली ते शोधणे हे नव्हे. त्यासाठी खरेदी, लेखा आणि करार जाणणारी प्रशिक्षित माणसे हवीत आणि प्रकल्पासोबत संस्थेला मिळणारी ओव्हरहेडची, म्हणजे संस्थात्मक खर्चाची, रक्कम आधी त्यांच्यावर खर्च व्हावी.

विज्ञानाला वेगळे प्रशासन लागते, हा विचार या देशाला नवा नाही. होमी भाभा यांनी तो आग्रहाने मांडला होता. 1958 च्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला संसदेने मंजूर केलेल्या तरतुदीच्या मर्यादेत भारत सरकारचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार मिळाले. जून 2025 मध्ये केंद्राने याच दिशेने पाऊल टाकले: वैज्ञानिक उपकरणांची खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेर करण्याची मुभा दिली, दरपत्रकांविना खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख रुपये केली, खरेदी समितीची मर्यादा 10 लाखांवरून 25 लाखांवर नेली आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांना दिला. जुने नियम संशोधनाला जाचत होते, याची ही कबुलीच आहे.

पुढची पावले अवघड नाहीत. पहिल्या फेरीत दोन-तीन पानांचाच प्रस्ताव मागवावा आणि सविस्तर आराखडा निवडलेल्यांकडूनच घ्यावा. अंदाजपत्रकही सुटसुटीत असावे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 1999 पासून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतचा थेट खर्च मागताना बाबनिहाय अंदाजपत्रक लागत नाही. 25,000 डॉलरच्या ठोक टप्प्यांत रक्कम मागता येते. अखर्चित निधी प्रकल्पाच्या मुदतीपर्यंत पुढे नेऊ द्यावा. मोकळीक दिली की गैरवापर वाढेल, अशी भीती घातली जाते. तिला उत्तर म्हणजे निवडक प्रकल्पांचे सखोल लेखापरीक्षण आणि दोषींना निधीबंदी. शंभर प्रामाणिक संशोधकांकडून रोज कागद भरून घेतल्याने एक लबाड सापडत नाही. कागद तोही चोख भरतो.

2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचे ठरले आहे. हे बदल त्याच्या नियमांत आताच यायला हवेत. जून 2025 च्या सवलती केंद्रीय मंत्रालयांच्या अखत्यारीतील संस्थांसाठी आहेत. राज्य विद्यापीठे आणि त्यांच्या महाविद्यालयांत स्वतंत्र संशोधन कार्यालय क्वचितच असते. तिथला प्राध्यापक तास घेऊन, नॅक मूल्यांकनाचे कागद भरून मग प्रयोगाकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने खरेदीच्या या मर्यादा आपल्या विद्यापीठांना लागू कराव्यात आणि प्रत्येक विद्यापीठात संशोधन कार्यालयाची पदे मंजूर करावीत.