मान कुणाची, निर्णय कुणाचा?

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मानेचा एमआरआय उजेडासमोर धरला आणि बोलायला सुरुवात केली ती माझ्या नवऱ्याशी. "पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकलीय, नस दबलीय. याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू." मान माझी, अंगठ्यापर्यंत उतरणाऱ्या मुंग्या माझ्या, रात्र रात्र जागणारी मी. पण "काय मग, करायचं ना?" हा प्रश्न त्यांना. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई. मुरुडच्या आसपासच्या गावांत 'माझ्या शरीरावर माझा हक्क' या विषयावर किती शिबिरं घेतली असतील! त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मानेला सुरी कशाला? चोळून घे एकदा." दुसरं कुणी म्हणालं, "मग दीड-दोन महिने घरातलं कोण बघणार?" पहिल्या बोलण्यात काळजी होती, दुसऱ्यात हिशेब. मला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. सोबत गटातली मैत्रीण आणि वहीत लिहिलेले प्रश्न. या डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, कोपरावर हातोडी मारून पाहिली, सरळ रेषेत चालवलं. मग समजावून सांगितलं. हाताकडे जाणारी एकच नस दबली असेल, तर बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत औषधं, व्यायाम आणि ओझं टाळणं यांनी बरं वाटतं. पण मज्जारज्जूच दबला असेल तर गोष्ट वेगळी. ब्लाउजची बटणं लागत नाहीत, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. तिथे वाट पाहणं धोक्याचं. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नसतं; ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतं. ते बहुधा गळ्याच्या पुढून करतात, काही दिवस आवाज बसू शकतो, गिळायला त्रास होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. माझा मज्जारज्जू मोकळा होता. मी सहा आठवडे थांबायचं ठरवलं. मुठीची ताकद कमी होऊ लागली तर ऑपरेशन करून घेणार. चोळणाऱ्याकडे मात्र जाणार नाही. अशा मानेला झटका देणं महागात पडू शकतं.

हे मी 'ठरवू' शकले, कारण मला सुट्टी मिळते आणि माझ्या डोक्यावर मोळी नाही. आमच्या गटातल्या एका मावशीची गोष्ट उलटी आहे. तिचे हात बधिर झालेत, चालताना पाय अडखळतात. तिला ऑपरेशनची खरी गरज आहे, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. ती म्हणते, "बाई, कारखान्याचा सीझन होऊ द्या." उचल घेतलेली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली तर कोयता मोडतो, खाडा पडतो. आणि त्याच मानेवर उसाच्या मोळ्या घेऊन तिला ट्रकला लावलेली शिडी चढायची आहे.

इथे मला बीड जिल्ह्यातलं गर्भाशयांचं प्रकरण आठवतं. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा नको, म्हणून गर्भाशय काढायची घाई. आणि ऑपरेशनमुळे खाडा नको, म्हणून मान तशीच. दोन्हीकडे मोजमाप एकच: बाई कामावर कधी उभी राहते? तिच्या शरीराला काय हवंय, हा प्रश्न त्या हिशेबात बसतच नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं. उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे तिला सांगितल्यावरच ती संमती खरी. नुसती सही म्हणजे संमती नव्हे.

पण मैत्रिणींनो, नुसत्या हक्काने मावशीची मान सुटणार नाही. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. त्यानंतरच्या विश्रांतीचा खर्च कोण देणार? बुडालेली मजुरी, अंगावरची उचल, घरातला हंडा, पोरांची भाकरी? ही विश्रांती तिला मिळत नाही तोवर 'निर्णय तुझा' म्हणणं ही तिची थट्टाच आहे.

म्हणून आपल्या गटांनी दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. दवाखान्यात कुणी बाई एकटी जाऊ नये. सोबत एक मैत्रीण आणि प्रश्नांची वही असावी. आणि आजारपणातल्या खाड्याची भरपाई ही ऊसतोड स्त्रियांची मागणी म्हणून आपण ठामपणे मांडावी. तोवर आमच्या गटाने मावशीच्या घरचं काम वाटून घ्यायचं ठरवलं आहे. मुकादमाशी बोलायला आम्ही चौघी जाणार आहोत. तिने अजून होकार दिलेला नाही. तो तिचाच असायला हवा.