पाकीट एक, पाणी एक लिटर

पावसाळा सुरू झाला की पोट बिघडण्याचे दिवस येतात. मुलाला जुलाब लागले की ओआरएसचे पाकीट घरात येते, आणि तिथेच एक गोष्ट घडते. पाकीट असते एक लिटर पाण्याचे. पण "एवढं पाणी पोरगं कुठे पिणार?" म्हणून दादी ते सगळे एका पेल्यात कालवतात. औषध जरा दाट झाले तर गुण लवकर येईल, असा त्यामागचा प्रेमळ हिशोब. आम्ही हे इतक्या घरांत पाहिले आहे की या महिन्याची जागा त्यालाच द्यायची ठरवले.

हा हिशोब उलटा का पडतो, याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काही तासांत पातेल्याच्या तळाशी पाणी साचते. ते कुणी ओतलेले नसते, फोडींच्या पेशींतून बाहेर आलेले असते. शीरखुर्म्यासाठी मनुके पाण्यात टाकले की उलटे होते, ते टम्म फुगतात. पेशीचे आवरण पाण्याला ये-जा करू देते, मीठ-साखरेला मात्र सहजासहजी सोडत नाही. मग जिकडे मीठ-साखर दाट, तिकडे पाणी सरकते. शाळेच्या पुस्तकात यालाच परासरण म्हणतात.

आता पेल्यात कालवलेले ते दाट पाणी मुलाच्या आतड्यात गेले असे समजा. कैरीवरच्या मिठाचे जे काम, तेच ते करते. अंगातले पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात, रक्तातले मीठ वाढते, मूल सुस्त पडते, प्रसंगी झटकेही येतात. लहान बाळांना हा धोका अधिक.

मग नुसते साधे पाणी भरपूर पाजले तर? तेही पुरत नाही. जुलाबावाटे पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. आणि पाणी खेचून आत नेणारा पंप आपल्या आतड्यात नाही. पाणी मिठाच्या मागून जाते. म्हणजे आधी मीठ आत गेले पाहिजे, आणि मिठातल्या सोडियमसाठी आतड्याच्या पेशींत एक खास दार आहे. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडते. साखर ओआरएसमध्ये चवीसाठी घातलेली नसते, ती या दाराची किल्ली आहे. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडी जगापुढे मांडली.

कॉलऱ्यात तर हे फारच स्पष्ट दिसते. कॉलऱ्याचे विष पेशींना क्षार बाहेर फेकायला लावते, पाणी त्यांच्या मागे वाहत सुटते, आणि धडधाकट माणूस काही तासांत कोमेजतो. पण सोडियम-ग्लुकोजचे दार तेव्हाही शाबूत असते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून दाखवले की सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते.

तरी डॉक्टरमंडळींचा विश्वास बसत नव्हता. तो बसवला १९७१ च्या संकटाने. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजची पाकिटे तयार करवून घेतली, पिंपांत पाणी कालवून नळ लावले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आया, बहिणी, भाऊ पेले भरभरून पाजत राहिले. आधी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनोबिस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण मिळाले ते त्यानंतर, २०२३ साली.

पुढे १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ व मूठभर गुळाचे पाणी करायला आयांना शिकवू लागल्या. त्यांचा मोबदला ठरायचा तो आयांनी नीट किती लक्षात ठेवले त्यावरून. शिकवणाऱ्याला अशी अट आपल्याकडेही लागू केली, तर काय बहार येईल!

आजच्या पाकिटातले प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारले आहे. एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार. हे आधीच्यापेक्षा मुद्दामच पातळ केलेले आहे, कारण पातळ पाणी आतडे अधिक सहज शोषते. तेव्हा पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते वाचा, २०० मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात. एक लिटरची रिकामी बाटली मापाला उत्तम. पाणी उकळून गार केलेले घ्या. वरून साखर घालू नका. उरलेले २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस मात्र नकोच. त्यांत साखर फार आणि मीठ जवळजवळ नाही, म्हणजे पुन्हा तीच कैरी. काही गोड पेयांच्या नावातच ओआरएस असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने सुरू करा. अंगावरचे दूध बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, बराच वेळ लघवी नाही, शौचातून रक्त पडते किंवा मूल पिईनासे झाले, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. वाटेतही, ते पीत असेल तर, चमचा चालू ठेवा.